माणसाएवढी तलवार आणि कॅमेरा : कॉस्प्ले छायाचित्रणाची पूर्वतयारी

‘फायनल फँटसी ७’ हा प्लेस्टेशनवरचा गेम १९९७ साली जपानमध्ये आला आणि त्याचा नायक क्लाउड स्ट्राइफ याची ‘बस्टर सोर्ड’ ही तलवार तेव्हापासून कॉस्प्ले (गेम, कॉमिक किंवा चित्रपटातल्या पात्राचा हुबेहूब वेश) करणाऱ्यांची हौसही पुरवते आणि परीक्षाही पाहते. तिचे पाते एका धारेचे, फळीसारखे रुंद आणि टोकाशी तिरपे कापलेले असते, मुठीजवळ पात्यात दोन गोल भोके असतात आणि एकूण लांबी जवळजवळ माणसाएवढी दिसते. असे पाते १३० सेंमी लांब, २५ सेंमी रुंद आणि ४ सेंमी जाड धरले, तर त्याचे घनफळ १३,००० घनसेंमी भरते. ते पोलादाचे असते तर एकट्या पात्याचे वजन १०० किलोच्या पुढे गेले असते. तेच पाते ईव्हीए फोमचे, म्हणजे मुलांच्या चटयांतल्या हलक्या फोमचे, केले तर सव्वा ते दीड किलोत भागते. छायाचित्रणाची सगळी तयारी या दोन आकड्यांमधले अंतर झाकण्यासाठी असते. नवखी मंडळी महिनाभर तलवार घडवतात, ती पूर्ण पोशाखात प्रथम हातात धरतात ती थेट शूटच्या दिवशी, आणि मग रंगकाम उत्तम असूनही ती पोकळ असल्याचे पहिल्या नजरेत कळते. पुढील टप्पे याच तलवारीच्या उदाहरणाने सांगितले आहेत. कुऱ्हाड, हातोडा, विळा किंवा भाला असला तरी त्यात फारसा बदल करावा लागत नाही.

आधी चित्रे ठरवावीत, मग फोम कापावा

पाच ते सहा छायाचित्रे नेमकी कोणती हवीत, हे तलवारीला हात लावण्याआधी कागदावर काढून ठेवावे. चित्रकला येत नसली तरी काड्यांची माणसे पुरतात. तलवार खांद्यावर, तलवार जमिनीला टेकवलेली, पाठीवर लावलेली, दोन्ही हातांनी डोक्यावर उचललेली, टोक कॅमेऱ्याकडे रोखलेले, अशी प्रत्येक मुद्रा तलवारीकडून काही वेगळे मागते. जमिनीला टेकवायची असेल तर टोकाला कडक रबराचा किंवा जाड रेक्झिनचा तुकडा लावावा लागतो, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत फोम चेपतो आणि रंगाला तडे जातात. टोक कॅमेऱ्याकडे रोखायचे असेल तर टोकाचे रंगकाम सर्वांत बारीक हवे, कारण चित्रात तेच सर्वांत मोठे दिसणार असते. डोक्यावर उचलायची असेल तर जागेची उंची आधी पाहावी लागते.

वेळ कमी असेल तर या कागदावरून आणखी एक सोय होते. सगळ्या चित्रांत पात्याची एकच बाजू दिसत असेल, तर त्या बाजूवर सगळी मेहनत घ्यावी आणि दुसरी बाजू साध्या करड्या रंगात सोडून द्यावी. कॉमिक कॉनसारख्या, कॉमिक आणि गेमच्या चाहत्यांच्या कार्यक्रमात लोक तलवार चहूबाजूंनी पाहतात, तिथे हे चालत नाही. कॅमेऱ्यासमोर मात्र चालते आणि ते करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

तलवार घडवताना

ईव्हीए फोमच्या १० मिमी जाडीच्या चटया, म्हणजे लहान मुलांच्या खोलीत एकमेकींत अडकवून अंथरतात त्या, सर्वत्र मिळतात. त्या साधारण ६० सेंमी चौरस असल्याने १३० सेंमीच्या पात्यासाठी तुकडे जोडावेच लागतात. चार थर एकमेकांवर चिकटवताना प्रत्येक थराचा सांधा वेगळ्या ठिकाणी यावा, विटांच्या भिंतीत येतो तसा; चारही सांधे एका रेषेत आले तर पाते नेमके तिथेच मोडते. कटरचे पाते वारंवार बदलावे. बोथट पात्याने फोम कापला जात नाही, तो फाटतो, आणि फाटलेली कड कितीही पॉलिश पेपर मारला तरी कॅमेऱ्यात लपत नाही.

आतल्या कण्यासाठी २५ मिमीचा पीव्हीसी पाइप पुरेसा होतो. मधल्या दोन थरांत त्याच्यासाठी खाच कापावी आणि बाहेरच्या थरांच्या आतल्या बाजूने दोन-तीन मिमी फोम कोरून घ्यावा, म्हणजे पाइपचा फुगवटा पृष्ठभागावर उमटत नाही. पाइप टोकापर्यंत नेऊ नये. शेवटचे १५ सेंमी निव्वळ फोमचे ठेवावे आणि पाइपच्या तोंडावर टोपी बसवावी, म्हणजे चुकून कोणाला टोक लागलेच तर इजा होत नाही. मुठीकडे हाच पाइप १२ सेंमी बाहेर ठेवून त्यावर ३२ मिमीचा पाइप सरकवला की मूठ वेगळी करता येणारी होते; दोन पाइपांमधली ढिलाई टेपचे वेढे देऊन घालवावी आणि आरपार एक नट-बोल्ट टाकावा. तलवार सुटी करता येणे ही माझ्या मते ऐच्छिक बाब नाही. एकसंध १७० सेंमीची वस्तू घरातून बाहेर काढणे, जिन्याच्या वळणावरून उतरवणे आणि गाडीत घालणे या तीन ठिकाणी तिची जितकी मोडतोड होते, तितकी प्रत्यक्ष शूटमध्ये होत नाही.

मूठ ३५ ते ४० सेंमी लांब असावी, कारण ती धरणाऱ्या दोन्ही हातांच्या मुठी एकमेकींना चिकटलेल्या असल्या की तलवार हलकी असल्याचे लगेच दिसते. दोन मुठींमध्ये वीतभर अंतर असले तर शरीर तरफेसारखे वागते आणि ते डोळ्याला पटते. हातमोजे घालायचे असतील तर मुठीची जाडी हातमोजे घालूनच ठरवावी.

चिकटवण्यासाठी फेव्हिकॉल एसआर किंवा तत्सम रबर-आधारित चिकटद्रव्य वापरावे: दोन्ही बाजूंना पातळ थर लावून तो हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यावा आणि मगच दाबावे. घाईने ओले असतानाच दाबले तर सांधा उन्हात उघडतो. हे चिकटद्रव्य थर्माकोलला मात्र अजिबात लावू नये. त्यातील द्रावक थर्माकोल विरघळवतो, आणि बाजारात मिळणारे बरेचसे स्प्रे पेंटही तेच करतात. वजन वाचवण्यासाठी गाभ्यात थर्माकोल घालण्याचा मोह अनेकांना होतो, तेव्हा त्यावर आधी कागद आणि पांढऱ्या फेव्हिकॉलचे आवरण चढवावे. हीट गन, चिकटद्रव्य आणि फोम घासतानाची धूळ या तिन्हींसाठी खिडक्या उघड्या आणि तोंडाला मास्क हवाच. बंद खोलीत, पंखा लावून, हे काम करू नये.

रंगाआधी हीट गनची गरम हवा फोमवरून समान वेगाने फिरवावी. छिद्रे मिटली की पृष्ठभागाला किंचित चकाकी येते, हीच थांबण्याची खूण. त्यावर पाण्यात कालवलेल्या पांढऱ्या फेव्हिकॉलचे तीन-चार पातळ थर द्यावेत. प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा देऊ नये. कोकणपट्टीत पावसाळ्यात हे थर दिवसेंदिवस चिकट राहतात, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये काम काढलेच तर वेळापत्रकात मोकळे दिवस ठेवावेत.

रंगाबाबत माझे मत ठाम आहे: चकचकीत चंदेरी स्प्रे टाळावा. डोळ्यांना तो धातूसारखा वाटतो, पण कॅमेऱ्यात तो एक तर पांढरा भडक दिसतो किंवा दुधाळ. त्याऐवजी काळा मॅट रंग देऊन वाळल्यावर शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटची बारीक पूड कापडाने घासावी. पोलादाची खोल, थंड झाक येते. धारेवर आणि भोकांच्या कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट चंदेरी रंग ओढावा. शेवटी मॅट वॉर्निश, नाहीतर ग्रॅफाइट पोशाखाला लागते.

वजनाचा सराव

या लेखात एकच भाग वाचायचा असेल तर तो हा. शूटच्या किमान आठवडाभर आधी, दररोज थोडा वेळ, आरशासमोर सराव करावा, आणि त्याची सुरुवात तलवारीने करू नये. घरातला पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार घ्यावा. तो २० किलोचा असतो. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून तो उचलावा आणि आरशात आपल्या शरीराकडे पाहावे. ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी स्वतः न उचलता दुसऱ्याला उचलताना पाहावे. काय दिसते? पाय आपोआप खांद्यांपेक्षा रुंद होतात. धड वजनाच्या विरुद्ध बाजूला झुकते. वजन ज्या हातात आहे तो खांदा खाली ओढला जातो आणि दुसरा वर येतो. मनगट कोपराच्या रेषेत सरळ राहते, कारण वाकलेल्या मनगटाने जड वस्तू पेलवतच नाही. उचलताना श्वास क्षणभर रोखला जातो आणि जबडा आवळतो. तालमीत मुद्गल फिरवणाऱ्या पैलवानाकडे नीट पाहिले तर हेच सगळे आणखी स्पष्ट दिसते: मुद्गल खांद्यामागे जाताना कंबर पुढे येते, आणि तो वर येण्याआधी पाय जमिनीत रुतल्यासारखे स्थिरावतात.

जार खाली ठेवावा, लगेच फोमची तलवार उचलावी आणि शरीराने नुकतेच जे केले ते मुद्दाम पुन्हा करावे. पहिल्या दिवशी हे खोटे वाटते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय सांगावे न लागता रुंद होऊ लागतात. मित्राकडून फोनवर चित्रफीत काढून घ्यावी आणि ती आवाज बंद करून पाहावी. ज्या क्षणी मनगट वाकते त्या क्षणी तलवार फोमची होते, हे इतके स्पष्ट दिसते की पुढे वेगळे सांगावे लागत नाही.

मुद्रेनुसार काही बारकावे आहेत. खांद्यावर तलवार ठेवताना पाते सपाट बाजूने खांद्यावर टेकावे, मान त्याच्यापासून थोडी दूर झुकावी आणि मुठीवरचा हात छातीच्या पुढे, कोपर खाली असा असावा. हात सैल सोडला तर काठी खांद्यावर टाकल्याचा भास होतो. जमिनीवर टेकवताना तलवार स्वतःच्या पायांवर उभी आहे असे न दाखवता आपले वजन तिच्यावर थोडे टाकल्यासारखे दाखवावे, मात्र प्रत्यक्षात टाकू नये; पाइप वाकतो. म्हणजे मांड्यांनी स्वतःला तोलून धरायचे आणि खांदे तेवढे ढिले करायचे. ही मुद्रा वाटते त्याहून दमवणारी आहे. डोक्यावर उचललेल्या मुद्रेत नवखे लोक हात ताठ करून तलवार सरळ उभी धरतात. जड तलवार तशी कोणी धरत नाही, ती खांद्यामागे झुकलेली असते आणि कोपरे वाकलेली असतात. मर्दानी खेळ खेळणारे कोणी ओळखीचे असेल तर तासभर त्यांच्याकडून पवित्रा समजून घ्यावा. दांडपट्ट्याचे तंत्र या तलवारीला लागू पडत नाही, पण पाय कसे टाकावेत आणि नजर कुठे असावी हे तिथे जितके पक्के शिकवले जाते तितके कोणत्याही चित्रफितीतून कळत नाही.

तलवार दीड-दोन किलोचीच असली तरी तिचा तोल मुठीपासून लांब असतो, त्यामुळे आडवी धरली की दोन मिनिटांत मनगट थरथरू लागते. खऱ्या दोनहाती लढाऊ तलवारीही साधारण दोन-तीन किलोच्याच असत, हे लक्षात घेतले तर यात नवल नाही. म्हणून एक मुद्रा वीस-तीस सेकंद, मग विश्रांती, असाच सराव ठेवावा.

शेवटचे दोन दिवस पूर्ण पोशाखात, विगसह आणि बुटांसह सराव करावा. खांद्यावरचे चिलखत हात वर जाऊ देत नाही, विगचे केस मुठीत अडकतात, झग्यावर तलवार टेकली की रंग लागतो, पाठीवर तलवार लावली की खुर्चीत बसता येत नाही, या गोष्टी घरी कळलेल्या बऱ्या. पाठीवर लावण्यासाठी लोहचुंबक वापरण्याची कल्पना आकर्षक आहे, पण इतक्या रुंद पात्याची ओढ त्याला झेपत नाही. पोशाखाखालून आडवा पट्टा घेऊन त्याला कापडी खोबणी शिवणे अधिक भरवशाचे.

जागा, परवानगी आणि कायदा

खोलीतला हिशेब आधी करू. १६५ सेंमी उंचीच्या व्यक्तीच्या उचललेल्या मुठी साधारण २ मीटरवर जातात. त्यावर तलवारीचे दीड मीटर धरले तर साडेतीन मीटर होतात. घरातले किंवा छोट्या स्टुडिओतले छत ३ मीटरच्या आसपास असते आणि पंखा त्याहून खाली. स्टुडिओ ठरवताना भाड्याआधी छताची उंची विचारावी. आडवी फिरवायची असेल तर हात आणि तलवार मिळून अडीच मीटर त्रिज्येचे वर्तुळ पूर्ण मोकळे हवे. छायाचित्रकारही त्या वर्तुळाबाहेरच उभा राहावा.

बाहेरच्या जागेत मोजमापाची ओळख असलेली पार्श्वभूमी निवडावी. मोकळ्या आकाशासमोर तलवार किती मोठी आहे हे कळत नाही. दार, जिना, लोखंडी कठडा, झाडाचे खोड यांच्याशेजारी ती लगेच अवाढव्य दिसते. समुद्रकिनारा मोहक असला तरी रुंद पाते वारा पकडते आणि संध्याकाळच्या वाऱ्यात ते एका हाताने स्थिर ठेवणे जमत नाही.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतील किल्ल्यांवर, उदाहरणार्थ वसईच्या किल्ल्यावर किंवा रायगडावर, तिपाई वापरण्यासाठी आणि व्यावसायिक स्वरूपाच्या चित्रणासाठी पूर्वपरवानगी लागते. परवानगी मिळाली तरी गडांशी लोकांच्या भावना जोडलेल्या आहेत आणि तिथे परदेशी गेममधल्या पात्राच्या वेशात तलवार उगारून उभे राहणे अनेकांना रुचणार नाही, हे समजून घेतलेले बरे; मी स्वतः गड टाळण्याचा सल्ला देतो. रेल्वेच्या हद्दीत, महापालिकेच्या उद्यानांत आणि गृहसंकुलांच्या आवारात संबंधितांची लेखी संमती घ्यावी. जुनी बंद गिरणी किंवा पडीक गोदाम असेल तर मालकाची संमती आणि जमिनीवर खिळे-काचा नाहीत याची खात्री, दोन्ही हवे.

कायद्याची बाजू गंभीर आहे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची तलवारीसारखी धारदार हत्यारे शस्त्र नियमांच्या अनुसूचीत मोडतात, त्यामुळे शोभेची म्हणून विकली जाणारी धातूची तलवार शूटसाठी मुळीच घेऊ नये. फोमची तलवार शस्त्र नसते, पण लांबून पाहणाऱ्याला ते कळत नाही, हीच तिची अडचण. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ नुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक काळासाठी शस्त्रे, काठ्या आणि इजा करू शकणाऱ्या वस्तू बाळगण्यावर बंदी घालू शकतात, आणि असे आदेश सणासुदीला व निवडणुकांच्या काळात वरचेवर निघतात. म्हणून शूटच्या आठवड्यात आपल्या भागात असा आदेश लागू आहे का हे स्थानिक पोलीस ठाण्यात विचारावे आणि सार्वजनिक जागा असेल तर तिथे अर्ज देऊन पोच घ्यावी. अर्जासोबत तलवारीचा, शक्यतो आतला फोम दिसणारा, फोटो जोडावा. प्रत्यक्ष ठिकाणी रखवालदार जवळ आला तर त्याच्याकडे टोक करून वळू नये. तलवार आधी आडवी जमिनीवर ठेवावी, कड अंगठ्याने दाबून दाखवावी आणि ‘दादा, हात लावून बघा, फोमची आहे’ एवढे म्हणावे. बहुतेक वेळा पुढचा प्रश्न ‘कुठल्या सिनेमाचं शूटिंग आहे?’ हाच असतो.

नेण्या-आणण्याची व्यवस्था

मूठ वेगळी केली तरी १३० सेंमीचे पाते उरते. रिक्षात ते आडवे मावत नाही आणि तिरके धरले तर बाहेर डोकावते. गाडीच्या मागच्या सीटवर ते बहुधा बसते, पण निघण्याच्या दिवशी नव्हे, आदल्या दिवशी घालून पाहावे. पात्याला आधी मऊ चादर, मग बबल रॅप आणि वरून अपारदर्शक कापडी पिशवी असा क्रम ठेवावा. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळला तर उष्णतेने त्याचे गोल ठसे उमटतात. पिशवी अपारदर्शक असण्याचे कारण वर आलेच आहे: प्रवासात तलवार दिसता कामा नये. गर्दीच्या वेळी लोकलने नेण्याचा विचार सोडून द्यावा. पहाटेची लोकल आणि मालडबा एवढेच काय ते जमण्यासारखे. मेट्रोच्या आणि मॉलच्या सुरक्षा तपासणीत वाद घालण्यापेक्षा तो मार्ग टाळावा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तलवार कधीही सोडू नये. काचा बंद असलेल्या गाडीत पाते वाकते आणि सांधे उघडतात, मग दुरुस्तीला दिवस जातो.

छायाचित्रकाराशी आधी बोलावे

ठरवलेली चित्रे, तलवारीची मापे आणि तिचा दिवसाच्या उजेडातला एक साधा फोटो छायाचित्रकाराला आधीच पाठवावा. टोक कॅमेऱ्याकडे असलेल्या चित्रासाठी २४ मिमीचे रुंद (वाइड अँगल) भिंग वापरले की टोक प्रचंड आणि शरीर लहान दिसते. परिणाम जोरदार असतो, मात्र चेहरा चौकटीच्या कडेला गेला तर ताणला जातो, म्हणून चेहरा मध्याजवळ ठेवावा. या चित्रात भिंगाचे छिद्र (ॲपर्चर) मोठे ठेवले तर टोक किंवा चेहरा यांपैकी एकच स्पष्ट येतो. छिद्र लहान करून एफ ८ च्या आसपास जावे लागते आणि त्यासाठी उजेडही भरपूर हवा. खांद्यावरच्या आणि उभ्या मुद्रांसाठी ५० ते ८५ मिमी बरे. सगळीच चित्रे रुंद भिंगातून काढण्याची सध्याची हौस मला पटत नाही, कारण मग तलवार मोठी की भिंगाची करामत हे कळेनासे होते. फोनवर काढायचे असेल तर मुख्य कॅमेरा रुंदच असतो हे लक्षात ठेवून उभ्या मुद्रांसाठी दुप्पट झूमचे भिंग वापरावे आणि दोन पावले मागे जावे.

कॅमेरा कंबरेच्या उंचीवर किंवा त्याखाली आला की तलवारीला भार येतो. फिरवण्याच्या चित्रासाठी १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवावे. मात्र तलवार खरोखर जोरात फिरवू नये. हलकी वस्तू वेगाने फिरते आणि चेहऱ्यावर त्या वेगाचा ताण नसतो. हळू, शरीराच्या वळणासह फिरवून शेवटच्या टप्प्यावर क्षणभर थांबावे. प्रकाश मागून कडेवर पडला तर धार धारदार दिसते. तोच प्रकाश अगदी बाजूने, पृष्ठभागाला घासून आला तर पात्यावरचा प्रत्येक उंचसखलपणा उघडा पडतो. समोरून सपाट प्रकाश पडला तर फोम फोमच दिसतो. रुंद पात्याची सावली चेहऱ्यावर पडते, त्यामुळे प्रत्येक मुद्रेची पहिली दोन चित्रे लगेच मोठी करून डोळे तपासावेत.

आकाराचा आणखी एक प्रश्न चौकटीचा. १७० सेंमीची तलवार आणि माणूस उभ्या चौकटीत बसवायला गेले की टोक कापले जाते. तलवार तिरपी, कोपऱ्यातून कोपऱ्याकडे धरली तर दोन्ही मावतात. टोकापुढे थोडी मोकळी जागा सोडायला सांगावे.

शूटचा दिवस

मुंबई-पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा सकाळी साडेसहाला तयार होऊन जागेवर असणे हा उत्तम बेत, कारण उजेड मऊ असतो आणि गर्दी नसते. विग आणि चिलखत घालून दुपारच्या उन्हात दोन तास उभे राहणे आरोग्याला बाधते.

बरोबर एक मदतनीस हवाच, आणि तो छायाचित्रकार नसावा. दोन चित्रांच्या मध्ये तलवार धरणे, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर आणि लहान मुलांवर लक्ष ठेवणे, विग सारखा करणे आणि पाणी देणे ही कामे दिसायला किरकोळ आहेत, पण ती करणारे कोणी नसले की तलवार भिंतीला टेकवली जाते आणि वाऱ्याने पडते. पिशवीत फेव्हिक्विक, छोटी फेव्हिकॉल एसआरची ट्यूब, काळा व करडा ॲक्रेलिक रंग, ब्रश, कटर, मास्किंग टेप, सेफ्टी पिना, जास्तीचा नट-बोल्ट व पाना, ओले रुमाल आणि पाणी असावे.

क्रमाने जायचे तर सोप्या, उभ्या मुद्रा आधी, उचलण्याच्या आणि फिरवण्याच्या मुद्रा मध्यावर, आणि तलवार जमिनीला टेकवण्याच्या किंवा मातीत लोळण्याच्या मुद्रा सर्वांत शेवटी घ्याव्यात. हात दमलेले असतील तेव्हा डोक्यावरची मुद्रा घेऊ नये. उलट खांदे खरोखरच दमले असतील तर टेकवलेली मुद्रा तेव्हाच सर्वांत खरी येते.

चित्रे निवडताना

शेकडो चित्रांतून निवड करताना चेहऱ्याकडे आधी पाहू नये. आधी मनगट, मग पाय, मग खांदे. हे तिन्ही बरोबर असतील त्याच चित्रांतून चेहरा निवडावा. संपादनात मुठीवरचा नट-बोल्ट, फोमचा सांधा आणि रंग उडालेली जागा पुसायला हरकत नाही. तलवार ओढून आणखी मोठी करू नये, कारण मागचा कठडा किंवा जिना वाकतो आणि पाहणाऱ्याला ते लगेच जाणवते. प्रसिद्ध करताना छायाचित्रकाराचे आणि मदतनिसाचे नाव त्यांच्या संमतीने द्यावे.

तलवार घरी आल्यावर ओल्या फडक्याने माती पुसून, पूर्ण वाळवून, पलंगाखाली किंवा कपाटावर सपाट ठेवावी. भिंतीला उभी टेकवली तर पंधरवड्यात पाते धनुष्यासारखे वाकते, आणि पुढच्या शूटआधी ते हीट गनने सरळ करण्यात एक सुटीचा दिवस जातो.